नव्या मांजराची ओळख: आधी नाकाला, मग डोळ्यांना

कॅरियर (मांजर नेण्या-आणण्याचा पिंजरा) हॉलच्या मधोमध ठेवायचा, दार उघडायचं आणि ‘त्यांचं ते बघून घेतील’ म्हणून बाजूला व्हायचं, ही नवं मांजर घरात आणण्याची सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट पद्धत आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी निवारा केंद्रातून मांजर दत्तक घेतलेल्या कुटुंबांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या घरांत आधीपासून मांजर होतं, त्यांतल्या जवळपास निम्म्या घरांत नवं मांजर आणल्यावर ओरबाडणं-चावणं झालं होतं. मांजरं नर की मादी, वय किती, यांचा नंतरच्या भांडणांशी ठळक संबंध दिसला नाही. पहिली भेट कशी झाली, याचा मात्र दिसला. म्हणून सगळी मेहनत त्या भेटीच्या आधी घ्यायची.

मांजर असं का वागतं? पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. ते एकट्यानं शिकार करतं आणि आपला इलाखा राखून असतं. लांडगे कळपात राहतात, त्यामुळे भांडण झाल्यावर पड खाण्याच्या, समेटाच्या खुणा कुत्र्यांकडे वारशानं आल्या आहेत. मांजरांकडे तशा खुणा फारच कमी. भांडण टाळायचा त्यांचा मुख्य उपाय म्हणजे समोर न येणं, आणि बंद घरात नेमकं तेच अवघड होतं. भटकी मांजरं गटानं राहतात हे खरं, पण त्या गटाचा गाभा बहुधा माय-लेकी आणि बहिणींचा असतो. परकं मांजर आलं की त्याला हुसकावून लावतात.

आपलं कोण आणि परकं कोण, हे मुख्यतः वासावरून ठरतं. गाल, हनुवटी, कपाळ, शेपटीचं मूळ आणि पंजांच्या गाद्यांमधली जागा इथे मांजराच्या गंधग्रंथी असतात. एकत्र नांदणारी मांजरं एकमेकांना अंग घासून, चाटून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात. नव्या मांजराच्या अंगाला तो वास नसतो. तो लागेपर्यंत ते दिसलंच नाही, तर निम्मं काम होऊन जातं.

आणण्याआधी पशुवैद्याकडून लसीकरण, जंतांचं औषध, पिसवांचा बंदोबस्त आणि फेलाइन ल्युकेमिया (विषाणूमुळे होणारा मांजरांचा रक्ताचा कर्करोग) व एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू) यांच्या चाचण्या करून घ्या. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून, म्हणजे एकमेकांना चाटण्यातूनही जातो. संसर्ग ताजा असेल तर पहिली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तर जायलाच हवं. आणल्यावर दोन आठवडे वेगळं ठेवा; पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) किंवा सर्दीचे विषाणू अंगात असतील तर लक्षणं बहुधा याच काळात दिसतात. नसबंदी झालेली नसेल तर तीही आधीच करा. बोक्याच्या शरीरातली संप्रेरकं ओसरायला शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे लागतात.

नव्या मांजराला दार नीट बंद होणारी एक खोली द्या. त्यात लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे), ट्रेपासून लांब खाणं-पाणी, नखं घासायला काहीतरी आणि लपायला एक खोका. खोक्याला दोन बाजूंनी भोकं असावीत. एकच वाट असली की मांजराला कोंडल्यासारखं वाटतं. पहिला दिवस ते लपूनच बसलं तर ओढून बाहेर काढू नका. पण २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

नवं मांजर खोलीत निवांत खाऊ लागलं, अंग चाटू लागलं की वासांची देवाणघेवाण सुरू करायची. स्वच्छ सुती मोजा हातात घालून मांजराच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत गालावर आठ-दहा वेळा हळुवार फिरवा. घरच्या प्रत्येक मांजरासाठी वेगळा मोजा. मग नव्याचा मोजा जुन्यांच्या वावराच्या जागी, जुन्यांचे मोजे नव्याच्या खोलीत नुसते जमिनीवर ठेवा. अंथरुणात किंवा वाडग्याजवळ नको, कारण तिथे परका वास आला तर मांजर ती जागाच सोडून देऊ शकतं. मोजा नाकाशीही धरायचा नाही.

आता बघत राहायचं. मांजर येतं, हुंगतं. कधी तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ ओढून क्षणभर थिजल्यासारखं उभं राहतं. ते रागानं नव्हे. वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला दोन बारीक छिद्रं असतात. त्यांतून ते वास जेकबसनच्या इंद्रियापर्यंत, म्हणजे टाळूच्या वर असलेल्या वास टिपणाऱ्या खास इंद्रियापर्यंत, पोचवत असतं. हुंगून निघून गेलं, तर याहून चांगला निकाल नाही. मोज्यावरच फिस्कारलं तर तो आणखी लांब ठेवा आणि रोज नवा वास घेऊन तेच करत राहा. मोज्याकडे कुणी लक्षच देईनासं झालं की जागांची अदलाबदल करा: जुनी मांजरं क्षणभर दुसरीकडे बंद करून नव्याला खोलीबाहेर काढा, मग जुन्यांना त्याच्या खोलीत सोडा आणि त्या वेळात नव्याला अर्धा-पाऊण तास घरभर हिंडू द्या. वाटेत गाठ पडता कामा नये.

याच काळात बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण सुरू करा. पहिल्या दिवशी वाडगे दारापासून दोन मीटरवर. दोन्हीकडची मांजरं मान वर न करता खात असतील तर पुढच्या जेवणाला पंधरा-वीस सेंटीमीटर जवळ सरकवा. खाता खाता थांबून दाराकडे टक लावणं, घाईघाईनं गिळणं, कान मागे वळणं यांतलं काहीही दिसलं की आधीच्या अंतरावर परत जायचं. वेग ठरवायचा तो सर्वांत बुजऱ्या मांजराचा. माणसाच्या सुट्टीचं वेळापत्रक इथे चालत नाही.

दाराला लागून ठेवलेल्या वाडग्यातून सलग दोन-तीन दिवस शांतपणे खाणं झालं की दर्शन. जाळीचं दार किंवा उंच फाटक असेल तर उत्तम. नसेल तर दार दोन-तीन सेंटीमीटर उघडून मागेपुढे अडसर लावा. जाळीचा खालचा भाग आधी चादरीनं झाका आणि वाडगे पुन्हा तीन-चार मीटर मागे न्या. पहिलं दर्शन मिनिटभराचं पुरे. सगळं ठीक चाललं असतानाच दार लावून घ्या. डोळे मिटमिटणं, नजर फिरवणं, खाली बसून पंजा चाटणं ही चांगली चिन्हं. टक लावून स्थिर बसणं मात्र वाईट, मग तोंडातून आवाज येवो न येवो.

समोरासमोरची भेट जेवणाच्या किंवा खेळाच्या वेळी ठेवा. नखं आधी कापून घ्या. खोलीला दोन वाटा आणि चढायला उंच जागा हवी. दोन माणसांनी दोन टोकांना दोऱ्याची खेळणी घेऊन मांजरांना गुंतवायचं, पाच मिनिटांत थांबवायचं. मांजर कडेवर घेऊन दुसऱ्याला दाखवणं कटाक्षानं टाळा. घाबरलं तर ते तुमच्याच अंगावरून पळेल. जुनी मांजरं दोन-तीन असतील तर एकेकाशी वेगळी ओळख करून द्या, सर्वांत शांत मांजरापासून सुरुवात करून.

एखाद-दुसरं फिस्कारणं चालतं. ती ‘लांब राहा’ अशी सूचना आहे आणि समोरचं मांजर मागे हटलं तर विषय मिटला. फिस्कारल्याबद्दल रागावू नका. खेळातली झटापट बहुतेक मूक असते, नखं आत असतात, कधी हे वर तर कधी ते. खऱ्या भांडणात किंचाळणं असतं, केस फुललेले, आणि एकच मांजर सतत पळत असतं. तसं झालं तर मध्ये मोठा पुठ्ठा सरकवा किंवा जाड पांघरूण टाका, हात घालू नका. चवताळलेलं मांजर समोर येईल त्याला चावतं, आणि मांजराचा चावा लहान दिसला तरी खोल जाऊन पिकतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे जा. मांजरांना वेगळं करा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बंद दारापासून सुरुवात करा.

आवाज न करता चालणारी दादागिरी जास्त घातक, कारण ती नजरेतून सुटते. एक मांजर बोळाच्या तोंडाशी नुसतं आडवं पडलेलं दिसतं, पण पलीकडचं मांजर त्यामुळे ट्रेपर्यंत जात नाही. मग घरात कुठेही लघवी होते आणि दोष मात्र त्या दबलेल्या मांजराच्या माथी येतो. असा ताण मूत्राशयाच्या दाहाचंही एक कारण आहे. बोका ट्रेमध्ये पुनःपुन्हा बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा. तीन ट्रे ओळीनं लावले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा, म्हणून ते वेगवेगळ्या ठिकाणी हवेत. वाडगे एकमेकांच्या नजरेआड. फेरोमोनचे डिफ्यूजर (मांजरांच्या गंधखुणांची नक्कल हवेत सोडणारी उपकरणं) काही घरांत मदत करतात, पण त्यांच्यामुळे वरची एकही पायरी गाळता येत नाही.

पिल्लू असेल तर हे सगळं कधी आठवड्याभरात उरकतं. मोठ्या मांजरांना काही आठवडे ते काही महिने लागतात. काही जोड्या कधीच बिलगून झोपत नाहीत, फक्त एकमेकांची वाट चुकवत त्याच घरात सुखानं राहतात. तेही यशच आहे.

सगळं सुरळीत झाल्यावरही एक प्रसंग सांभाळावा लागतो. दवाखान्यातून परतलेल्या मांजराला औषधांचा, परक्या प्राण्यांचा वास येतो आणि वर्षानुवर्षांचं सोबतीही त्याच्यावर धावून जाऊ शकतं. परतल्यावर त्याला काही तास, गरज पडली तर रात्रभर वेगळ्या खोलीत ठेवा. घरच्या मांजरांच्या अंथरुणातला टॉवेल त्याच्या अंगावरून फिरवा, ते स्वतःला चाटून स्वच्छ झालं की मगच दार उघडा.