'गो'चं 'वेन्ट' आलं कुठून?

दुसरीतली भाची परवा म्हणाली, "आय गोड टू आजीज् हाऊस." घरात हशा पिकला. पण तिचा हिशेब चोख होता: 'प्ले'चं 'प्लेड', तर 'गो'चं 'गोड'! इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंही बोलायला शिकताना हेच रूप करतात. गडबड मुलांची नाही, क्रियापदाची आहे.

'वेन्ट' मुळात 'गो'चं नव्हेच. जुन्या इंग्रजीत जाण्याला 'गान' म्हणत आणि त्याचा भूतकाळ होता 'एओदे', म्हणजे तोही परकाच. 'वेन्ड' हे निराळं क्रियापद: वळणे, वाट धरणे. 'सेन्ड'चं 'सेन्ट', तसं 'वेन्ड'चं 'वेन्ट'. पंधराव्या शतकाच्या सुमारास 'गो'नं ते बळकावलं, 'एओदे' विस्मरणात गेलं आणि बिचाऱ्या 'वेन्ड'ला 'वेन्डेड' असं नवं रूप करून घ्यावं लागलं.

आपण तरी कुठे वेगळे? 'जातो' म्हणतो, पण भूतकाळात 'गेला'! 'जा' आला संस्कृत 'या' धातूकडून, याति, प्राकृतात जाइ. 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'वरून. दोन धातूंचा एकत्र संसार. हेरमान ओस्टहोफ या जर्मन भाषाशास्त्रज्ञानं 1899मध्ये अशा उसनवारीवर अख्खा ग्रंथ लिहिला.

ही विचित्र रूपं टिकतात कशी? 2007मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं तपासली होती. त्यांतली आज 98च अनियमित उरलीत. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगानं नियमात येतं, असं गणित निघालं. 'वेन्ट' दिवसभर तोंडात असतं. विसरायला सवडच नाही.

अर्थही असेच पसरतात. इंग्रजीत 'गो ऑफ' झालं की दूध नासतं, पण गजर मात्र वाजू लागतो! 'गोइंग टू'मधलं चालणं तर कधीच संपलं, उरला निव्वळ भविष्यकाळ. मराठीत वीज जाते, तोल जातो, भिंतीला तडा जातो; आणि बाईला 'दिवस जातात' तेव्हा घरात कुणीतरी यायचं असतं.

गंमत म्हणजे 'गम्'चा इंग्रजीतला सख्खा नातलग 'गो' नाही, 'कम' आहे. आपल्या 'गेला'चं रक्ताचं नातं तिकडच्या येण्याशी. चप्पल घालताना भाची "जाते गं" म्हणाली, तेव्हा आजीनं तिला दटावलंच: "जाते नाही, येते म्हण."