कोंबडीचा राग, ट्रकवर कर

१९६२ साली युरोपीय आर्थिक समुदायाने (आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपाने) आयात कोंबडीवरचं शुल्क चढवलं. अमेरिकेची स्वस्त, गोठवलेली कोंबडी तेव्हा पश्चिम जर्मनीच्या बाजारात धो धो येत होती आणि तिथले कुक्कुटपालक मेटाकुटीला आले होते. वाटाघाटींतून काही निघालं नाही, तेव्हा अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उट्टं काढलं. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनणारा डिंकासारखा पदार्थ), ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर अमेरिकेने २५ टक्के शुल्क बसवलं. बाकीच्या तीन वस्तूंची पुढे सुटका झाली. ट्रकवरचं शुल्क साठ वर्षांनंतरही होतंच.

त्यातून पळवाटाही निघाल्या. प्रवासी गाडीवर शुल्क तेव्हा फक्त अडीच टक्के होतं. म्हणून फोर्ड कंपनी तुर्कस्तानात बनवलेल्या मालवाहू व्हॅन मागच्या सीट आणि खिडक्या बसवून अमेरिकेत आणायची. कागदोपत्री ती प्रवासी गाडी. बाल्टिमोर बंदरातून बाहेर पडली की सीट उपटायच्या, काचेच्या जागी पत्रा ठोकायचा, झाली मालवाहू! मुद्दाम बसवून मुद्दाम काढायचा हा खर्चही परवडत होता, यावरून २५ टक्क्यांचा भार समजावा. कस्टम्सने हरकत घेतली, २०१९ मध्ये अपील न्यायालयात कंपनी हरली आणि २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटलं.

कोंबडीचं भांडण कधीच विरलं, मग शुल्क का उठत नाही?

याचं उत्तर कपडे धुण्याच्या यंत्रांत छान दिसतं. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेने त्यांच्या आयातीवर शुल्क लावलं: वर्षातल्या पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के, त्यापुढे ५० टक्के. फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) आणि शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला. यंत्रं सुमारे १२ टक्क्यांनी, म्हणजे नगामागे ८६ डॉलरच्या आसपास महागली. गंमत म्हणजे ड्रायरवर, म्हणजे कपडे वाळवायच्या यंत्रावर, शुल्क नव्हतंच, तरी तेही जवळपास तितकेच महागले. लोक दोन्ही जोडीने घेतात, म्हणून कंपन्यांनी भाववाढ दोन्हींवर वाटून टाकली. देशात बनलेली यंत्रंही महागली. परदेशी स्पर्धकाचा भाव चढल्यावर आपला खाली कोण ठेवेल? ग्राहकांच्या खिशातून वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलर जास्त गेले, तिजोरीत आले ८.२ कोटी आणि नोकऱ्या वाढल्या साधारण १,८००. तिजोरीत आलेली रक्कम वजा केली, तरी एका नोकरीमागे सुमारे आठ लाख डॉलर पडले.

पण ८६ डॉलरसाठी कोणी मोर्चा काढत नाही. बहुतेकांना ते कुठे गेले हेही कळत नाही. कारखानदाराला आणि कामगाराला मात्र आपला फायदा नेमका कशात आहे ते ठाऊक असतं, खासदारालाही त्यांचे पत्ते माहीत असतात. नुकसान लाखोंमध्ये विखुरलेलं आणि लाभ मूठभरांत एकवटलेला असला, की मूठभर संघटित होतात आणि जिंकतात. मँकर ओल्सन या अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्ये हे तर्कशुद्धपणे मांडलं होतं.

एवढ्यावरून खुल्या व्यापाराला पूर्ण गुण देऊन मोकळं होणं मला पटत नाही, कारण तिथे हीच वाटणी उलटी होते. टी-शर्ट स्वस्त झाल्याचा फायदा सगळ्यांना थोडाथोडा मिळतो, कारखाना बंद पडल्याचा फटका एकाच गावाला बसतो. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार चिनी आयातीमुळे १९९९ ते २०११ या काळात अमेरिकेत २० ते २४ लाख रोजगार गेले, आणि तेही ठरावीक जिल्ह्यांत. काम गेलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या शहरी जाऊन नव्या कामाला लागतील, हे पाठ्यपुस्तकातलं गृहीतक तिथे फारसं खरं ठरलं नाही.

व्यापारातून होणाऱ्या एकूण फायद्यातला काही भाग अशा लोकांना द्यावा, असं अर्थशास्त्र म्हणतं. अमेरिकेत केनेडींच्या काळापासून तशी योजना होती: प्रशिक्षण, भत्ता, नवी नोकरी शोधायला मदत. तिच्यासाठी पैसा कायम तुटपुंजा राहिला. २०२२ मध्ये तिची मुदत संपली, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती वाढवली नाही आणि नवे अर्ज मंजूर होणं थांबलं.