ऐंशी अक्षरांची ओळ

दुर्बिणीतून आलेल्या फाइलमध्ये आधी वाचायचं ते हेडर, म्हणजे सुरुवातीची ओळख. कोणता तारा, कोणती तारीख, कोणती दुर्बीण. ते हरवलं तर खालचे लाखो आकडे असून नसल्यासारखेच.

१९७०च्या दशकात प्रत्येक वेधशाळा आपापल्या पद्धतीने चुंबकीय फीत लिहायची. एकीची फीत दुसरीकडे वाचायची तर त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागे. १९७९मध्ये डॉन वेल्स आणि एरिक ग्रायझन या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी सामाईक मांडणी ठरवली. नेदरलँड्सच्या हार्टन यांच्यासह ती १९८१मध्ये प्रसिद्ध झाली. तिचं नाव फिट्स.

संगणकाला माहिती द्यायच्या भोकं पाडलेल्या पंचकार्डावर ऐंशी रकाने असत, म्हणून हेडरची प्रत्येक ओळ ऐंशी अक्षरांची. पहिली आठ अक्षरं नावाला, मग बरोबरचं चिन्ह (=), किंमत, आणि तिरक्या रेघेपुढे हवी तर टीप. अशा छत्तीस ओळींचा २८८० बाइटचा ठोकळा. पंचकार्डं कधीच गेली, पण ही ओळ आजही तशीच आहे आणि कुठल्याही खास सॉफ्टवेअरविना वाचता येते. मला याचं फार अप्रूप वाटतं. एक चूक मात्र राहिली होती: तारखेतल्या वर्षाला दोनच आकडे. २००० साल तोंडावर आलं तेव्हा, १९९७मध्ये, ते चार करायचं ठरलं.

हवी ती माहिती शोधून काढण्याचा प्रश्न वेगळाच होता. फ्रान्समधलं स्ट्रासबर्गचं केंद्र १९७२पासून ताऱ्यांच्या सूची जमवत होतं. एका सूचीत रकान्याचं नाव ‘आरए’, दुसरीत ‘आरएजे२०००’. दोन्हींचा अर्थ विषुवांशच, म्हणजे ताऱ्याचं आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान. संगणकाला हे कळणार कसं? म्हणून प्रत्येक रकान्याला अर्थ सांगणारी ठरावीक खूण जोडण्याची पद्धत तिथे आकाराला आली. २००२मध्ये अशा सूचींसाठी व्हीओटेबल ही मांडणी आली, त्याच वर्षी व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरीसाठी, म्हणजे जगभरच्या वेधशाळांचा डेटा एकत्र शोधता यावा यासाठी, आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून या कामात उडी घेतली. अशा सूचींचे आलेख काढणारं व्हीओप्लॉट हे त्यांचंच.

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची मूळ नोंद मात्र एलटीए या तिच्या स्वतःच्या मांडणीत असते. ती आधी फिट्समध्ये बदलून घेतात, मगच काम सुरू होतं. २०१० ते २०१२ या काळात तिथे १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी झाली. साठवून ठेवलेला तोच डेटा पुढे नव्याने उपसला गेला आणि २०१७मध्ये सुमारे ६.२ लाख रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध झाली.