इराकमधली 'सर्ज' यशस्वी झाली होती का?

2007 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी इराकमध्ये सुमारे 30 हजार जादा सैनिक पाठवले (हीच ती 'सर्ज') आणि देश स्थिरावला, असं अजूनही ठासून सांगितलं जातं. यात अर्धंच खरं आहे.

हिंसाचार घटला, हे निर्विवाद. पण अनबार प्रांतातल्या सुन्नी जमाती अल् कायदाविरुद्ध उभ्या राहिल्या त्या 2006 मध्येच, जादा कुमक पोहोचण्याआधी. ऑगस्ट 2007 मध्ये शिया धर्मगुरू मुक्तदा अल् सद्र यांनी आपल्या मेहदी आर्मी या सशस्त्र संघटनेला कारवाया थांबवायला लावल्या. शिवाय बगदादच्या कित्येक शिया-सुन्नी मिश्र वस्त्यांमधून एका पंथाचे लोक आधीच हुसकावले गेले होते. तिथली शांतता कसली, ते उघड आहे. जादा फौजेचा हातभार लागलाच, पण श्रेय एकट्या तिचं नाही.

मुळात ही कुमक होती राजकीय तडजोडीला उसंत मिळावी म्हणून. ती तडजोड अर्धवटच राहिली. तेलाच्या उत्पन्नवाटपाचा कायदा रखडला. 2010 च्या निवडणुकीत सुन्नींचा पाठिंबा असलेल्या अलावींच्या आघाडीला 91 आणि शिया पंतप्रधान मलिकींच्या आघाडीला 89 जागा मिळाल्या, तरी पंतप्रधान मलिकीच राहिले, तेही कित्येक महिन्यांच्या घोळानंतर. डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकी फौज परतते न परतते तोच सुन्नी उपराष्ट्राध्यक्ष हाशिमींवर अटक वॉरंट निघालं.