प्रोटॉन उलटा का फिरत नाही?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून त्याचे कारण हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. असा गुलाबीपणा मुख्यतः या जीवांमधील कॅरोटिनवर्गीय रंगद्रव्यांमुळे येतो. याच गटातील ‘हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम’ हा जीव मात्र आणखी एक जांभळे द्रव्य बाळगतो आणि ते केवळ रंगद्रव्य नसून प्रकाशावर चालणारा पंप आहे. १९७१ मध्ये डीटर ऑस्टरहेल्ट आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी ओळखलेल्या या प्रथिनाचे नाव बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. (आर्किया हे बॅक्टेरियांहून वेगळे जीव आहेत, हे तेव्हा कळलेले नव्हते, नावातली चूक आता कायमची झाली आहे.)

हे प्रथिन प्रकाशाचा एक कण शोषून एक प्रोटॉन पेशीबाहेर टाकते. बाहेर साठलेले प्रोटॉन दुसऱ्या एका प्रथिनातून आत परततात आणि त्या ओघावर पेशी एटीपी हे आपले ऊर्जाचलन तयार करते. अर्थात हा साठा टिकला तरच त्याचा उपयोग. हापशाची झडप झिजली, की दांडा कितीही मारला तरी वर आलेले पाणी पुन्हा खाली उतरते. या पंपातही खरे कौतुक उपसण्याचे नाही, झडपेचे आहे.

२४८ अमिनो आम्लांची ही साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते, आणि त्या सात मळसूत्री दांड्यांच्या मधोमध रेटिनल हा ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारा, आपल्या डोळ्यांतही असणारा रेणू २१६ व्या क्रमांकाच्या लायसिनला जोडलेला असतो. या सांध्यावर एक प्रोटॉन बसलेला असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला जवळच ८५ व्या क्रमांकाचे ॲस्पार्टिक आम्ल असते, तर आतल्या बाजूला, बरेच दूर आणि पाण्याचा जवळजवळ शिरकाव नसलेल्या भागात, ९६ व्या क्रमांकाचे. सांध्याने प्रोटॉन द्यायचा तो ८५ ला आणि नवा घ्यायचा तो ९६ कडून. पण नुकताच दिलेला, हाताशी असलेला प्रोटॉनच तो परत का घेत नाही?

प्रकाश पडताच सुमारे अर्ध्या पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या निम्म्या वेळात, सरळ असलेले रेटिनल तेराव्या कार्बनपाशी वळते. भोवतीची जागा सरळ रेणूच्या मापाची असल्यामुळे हा वाकडा रेणू तिथे अवघडतो आणि शेजारच्या अमिनो आम्लांना रेटू लागतो. जपानमधील साक्ला या क्ष-किरण लेसरवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १६ नॅनोसेकंदांपासून १.७ मिलिसेकंदांपर्यंतच्या तेरा क्षणांची चित्रे टिपली गेली, आणि त्यांत हा रेटा पसरताना दिसतो: आधी सांध्याजवळचा पाण्याचा एक रेणू जागचा हलतो, मग सांध्याचा प्रोटॉन ८५ कडे जातो. त्याच सुमारास बाहेरच्या तोंडाशी दुसराच एक प्रोटॉन सुटतो. स्लॅब टाकताना रांगेतून हातोहात घमेली जातात, तसा हा प्रकार आहे.

प्रोटॉन गमावलेला सांधा आता बाहेरच्या बाजूपासून तुटतो, आणि उरलेला ताण आतल्या बाजूने मोकळा होतो. त्या बाजूचे दांडे, विशेषतः सहावा, बाहेरच्या दिशेला झुकतात. एरवी कोरड्या असलेल्या त्या भागात फट पडते, पाण्याचे मोजके रेणू आत शिरून ओळीने उभे राहतात आणि त्या ओळीवरून ९६ चा प्रोटॉन सांध्यापर्यंत पोहोचतो. झडप म्हणावे असा वेगळा भाग इथे नाहीच. एकाच रेणूच्या वाकण्याने आधी एक वाट मोडते आणि नंतर दुसरी उघडते.

या प्रथिनाचा पहिला ढोबळ आराखडा रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अन्विन यांनी १९७५ मध्येच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळवला होता. जांभळ्या पटलात ही प्रथिने स्फटिकासारखी शिस्तीत मांडलेली असतात, याचा त्यांना मोठा फायदा झाला. पण थांबलेल्या यंत्राच्या चित्रावरून त्याची चाल ओळखणे अवघडच होते.

सांध्याला प्रोटॉन देऊन झाल्यावर ९६ पेशीच्या आतून नवा प्रोटॉन घेते, रेटिनल पुन्हा सरळ होते आणि सर्वांत शेवटी ८५ आपल्याकडचा प्रोटॉन सोडते. या साऱ्याला काही मिलिसेकंद लागतात. मधल्या टप्प्यात, सांध्यावर प्रोटॉन नसताना, हे जांभळे प्रथिन पिवळे झालेले असते.