चेक बाउन्स झाल्यावर कलम 138 ची तक्रार कशी करायची?

हातउसने पैसे किंवा मालाची उधारी फेडण्यासाठी दिलेला चेक वटला नाही, तर चलनक्षम दस्तऐवज कायदा, 1881 च्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार करता येते. पोलिस ठाण्यात खेटे घालू नका. ही तक्रार थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लेखी द्यायची असते. चेक तुम्ही आपल्या खात्यात भरला असेल, तर ते खाते ज्या शाखेत आहे तिथले कोर्ट. खात्यात पैसे नसणे, खाते बंद असणे, 'स्टॉप पेमेंट' (पैसे देऊ नका अशी खातेदाराने बँकेला दिलेली सूचना) ही सगळी कारणे चालतात. देणगी किंवा भेट म्हणून दिलेल्या चेकला मात्र हे कलम लागत नाही, कारण त्यामागे कायदेशीर देणे हवे.

बरीच प्रकरणे पुराव्यावर नव्हे, तारखांवर पडतात. चेक त्यावरच्या तारखेपासून 3 महिन्यांत बँकेत भरलेला हवा. समजा, रिटर्न मेमो (चेक का वटला नाही हे सांगणारी बँकेची चिठ्ठी) तुम्हाला 4 मार्चला मिळाला. मग 3 एप्रिलपर्यंत, म्हणजे 30 दिवसांत, मागणीची नोटीस जायलाच हवी. समोरच्याला ती 10 एप्रिलला मिळाली, तर पैसे द्यायला त्याला 25 एप्रिलपर्यंत 15 दिवस आहेत. त्याआधी घाईने दाखल केलेली तक्रार टिकत नाही. 26 एप्रिलपासून एक महिन्यात, म्हणजे 26 मेपर्यंत, तक्रार दाखल करा. इथे उशीर झालाच, तर सबळ कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो. नोटिशीच्या 30 दिवसांना तशी सवलत नाही.

नोटिशीत चेकची रक्कम अचूक आणि वेगळी लिहा. व्याज, वकील फी जोडून एकच मोठा आकडा मागितला की आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. चेक दिल्यानंतर काही रक्कम परत आली असेल, तर पूर्ण रकमेचा चेक तसाच भरू नका. नोटीस स्पीड पोस्टाने, बरोबर पत्त्यावर पाठवा. 'घेण्यास नकार' किंवा 'दार बंद' असा शेरा येऊन ती परत आली, तरी सहसा बजावली गेली असे धरतात. परत आलेला लिफाफा फोडू नका, तसाच कोर्टात द्या.

सोबत मूळ चेक, रिटर्न मेमो, नोटिशीची स्थळप्रत (स्वतःकडे ठेवलेली प्रत), पोस्टाची पावती आणि पोहोच, पुराव्याचे शपथपत्र, वकीलपत्र लागते. सही मान्य असेल तर चेक कायदेशीर देणे फेडण्यासाठीच दिला असे कायदा गृहीत धरतो. तरी खातेउतारा, बिले, व्यवहाराचे मेसेज जोडाच. रोखीने मोठी रक्कम दिली असेल, तर ती तुमच्याकडे कुठून आली हा प्रश्न उलटतपासणीत हमखास येतो. चेक कंपनीचा असल्यास कंपनीलाही आरोपी करा. नुसत्या सही करणाऱ्या संचालकावर तक्रार उभी राहत नाही.

शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरोपीने गुन्हा नाकारल्यावर कोर्ट चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देऊ शकते. ती मागायला विसरू नका. तडजोड कधीही होऊ शकते, पण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय पुरसिसवर (तडजोड झाल्याचे कोर्टाला कळवणाऱ्या लेखी निवेदनावर) सही करू नका.