खरकट्याचं खत: अर्धं काम बादलीत, अर्धं मातीत

मृगाचा पाऊस आला की सांदवाडीत (परसात) वांगी, भेदरं (टोमॅटो), सांबार (कोथिंबीर) लावायची घाई होते. त्यांच्यासाठी खत मे महिन्यातच घरी आंबवून ठेवता येतं. भाजीचे देठ, केळीची सालं, शिळी भाकर, सगळं चालतं.

हाच कचरा उकिरड्यावर उघडा सडला तर माश्या होतात आणि त्यातलं काही नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन हवेत उडून जातं. बारीक चिरून, थोडा गूळ नि ताक घालून, घट्ट झाकणाच्या बादलीत दाबून भरला की ताकातल्या लॅक्टिक जिवाणूंचं राज्य सुरू होतं. ते साखर खाऊन आम्ल सोडतात. सामू (pH, आंबटपणाचं माप) ४ च्या आसपास उतरतो आणि एवढ्या आंबटात सडवणारे जिवाणू तग धरत नाहीत. जपानमध्ये अशा खताला बोकाशी म्हणतात. शेण-गोमूत्राचं जीवामृत आपण रोज ढवळतो. इथे उलट, हवा जितकी कमी तितकं बरं. बादली मात्र सावलीत हवी, आपल्या ४५ अंशांच्या उन्हात ती फार तापली तर जिवाणू मरू शकतात.

वरुड-मोर्शीकडे संत्र्याची सालं ढिगाने निघतात, पण त्यांच्या तेलातलं लिमोनीन सूक्ष्मजीवांना मारक असतं. म्हणून ती थोडीच घालावीत.

दोन-तीन आठवड्यांनी आंबिलीसारखा आंबूस वास आला, वर पांढरी बुरशी दिसली, तर काम जमलं. काळी-हिरवी बुरशी आणि कुजका वास म्हणजे आत हवा शिरली.

अनेकांची फसगत होते ती इथे: बादलीतून निघालेलं हे तयार खत नव्हे. पालाश (पोटॅशियम) पाण्यात लवकर उतरतो, पण नत्र बरंचसं प्रथिनांतच अडकलेलं असतं. ते मोकळं करतात मातीतले जिवाणू. म्हणून हा लगदा वीतभर खोल पुरावा, मातीने झाकावा आणि दोन-तीन आठवडे तिथे काही लावू नये. ताज्या आम्लाने कोवळी मुळं करपतात. आपल्या काळ्या मातीत चुना असतो, तो हे आम्ल हळूहळू मारतो. बादलीच्या तळाशी साचलेलं पाणी १ भागाला १०० भाग साधं पाणी घालून त्याच दिवशी झाडांना द्यावं.

लोणचं, पापड, खारट रस्सा बादलीत नकोच. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर हे कटाक्षाने पाळावं, कारण पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या जमिनीत क्षार आधीच जास्त आहेत आणि मीठ आंबवल्याने नाहीसं होत नाही.